टोफू आतून फिका का राहतो? कोरियन दुबू जोरिम घरी करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण दुबू जोरिम हा कोरियन पदार्थ तीन वेळा घरी केला. पनीरचे करतो तसे टोफूचे चौकोनी तुकडे कापून, तळून, सोया सॉसच्या तिखट रसात शिजवले. तिन्ही वेळा रस चांगला झाला, पण टोफू आतून फिका राहिला. एकदा तुकडे मोडले आणि एकदा सॉस वाढवल्यामुळे सगळेच खारट झाले. कोरियन तिखटाऐवजी घरातले तिखट चालेल का, टोफूऐवजी पनीर घेता येईल का आणि केलेला पदार्थ डब्यात किती दिवस पुरवता येतो, हेही आपण विचारले आहे.

मी सात वर्षे कोरियातल्या सुवन शहरात राहिले, हा पदार्थ तिथल्या घरमालकीणबाईंच्या ओट्याशेजारी उभे राहून शिकले, आणि परतल्यापासून पुण्यात कोरियन स्वयंपाकाचे लहानसे वर्ग घेते. वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार आपल्यासारखीच असते, आणि जो तो त्याचे उत्तर सॉसच्या प्रमाणात शोधत असतो. माझ्या मते सॉस हा या पदार्थातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड गोष्ट एवढीच की टोफू रस पितो अशी आपली समजूत असते, आणि प्रत्यक्षात तो रस पीत नाही. त्यात मीठ हळूहळू मुरते. कैरीची फोड लोणच्यात मुरते तसे. आपल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निघतात, म्हणून आधी तो नीट सांगते.

बाजारात मिळणाऱ्या घट्ट टोफूतसुद्धा वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. हे पाणी प्रथिनांच्या अतिशय बारीक जाळीत अडकलेले असते, त्यामुळे बाहेरचा रस आत सरळ ओढला जाण्याइतकी मोकळी जागा तिथे नसते. रसातले मीठ आणि साखर या पाण्यातून कणाकणाने आत सरकतात, आणि या सरकण्याचा नियम स्वयंपाकाच्या दृष्टीने मोठा कठोर आहे: तुकड्याची जाडी दुप्पट केली, तर मध्यापर्यंत मीठ पोहोचायला लागणारा वेळ साधारण चौपट होतो. एक सेंटिमीटर जाडीच्या कापाला जिथे काही तास पुरतात, तिथे दोन-अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. दहा मिनिटांच्या उकळीत मीठ कडेपासून थोडेसेच आत जाते. लसूण आणि मिरची यांचा स्वाद तर त्याहूनही कमी शिरतो. तो मुख्यतः पृष्ठभागावरच राहतो. यावरून तीन गोष्टी आपोआप ठरतात: टोफू पातळ आणि पसरट कापायचा, त्याचा पृष्ठभाग असा करायचा की रस त्याला धरून राहील, आणि शिजल्यावर त्याला मुरायला वेळ द्यायचा. आपण सॉस वाढवला तेव्हा बाहेरचा थर खारट झाला आणि आतला भाग होता तसाच राहिला, कारण तिथे कमी पडला होता तो वेळ.

नावातही हीच कृती आहे. ‘दुबू’ म्हणजे टोफू आणि ‘जोरिम’ हा शब्द ‘जोरिदा’ या क्रियापदावरून आला आहे; मसाल्याच्या रसात पदार्थ शिजवत तो रस आटवत नेणे, असा त्याचा अर्थ. मराठी स्वयंपाकात ‘अंगाबरोबर रस’ म्हणतात तो शब्द इथे मला तंतोतंत बसतो असे वाटते. कोरियात बटाट्याचे जोरिम होते, बांगड्याच्या कुळातल्या माशाचे होते, मुळ्याचे होते. त्या साऱ्यांत टोफूचे जोरिम सर्वांत घरगुती, रोजचे आणि स्वस्त.

आता टोफूच्या निवडीविषयी. कोरियन दुकानात टोफूच्या पाकिटावर तो कशासाठी आहे हे लिहिलेले असते: तव्यावर परतण्यासाठी घट्ट, आणि ‘जिगे’ म्हणजे रश्शाच्या पदार्थांसाठी मऊ. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मला लिपी जेमतेम वाचता येत होती तेव्हा मी रश्शाचा टोफू उचलून आणला, आणि तो तव्यावर घातल्यावर त्याची जी भुर्जी झाली ती आम्ही दोन दिवस भातावर घालून संपवली. आपले तुकडे मोडले त्याचे कारण बहुधा हेच असावे. आपल्याकडे टोफू बहुधा २०० ग्रॅमच्या पाकिटात मिळतो. त्यातला ‘फर्म’ प्रकार घ्यावा. ‘एक्स्ट्रा फर्म’ चालतो, पण तो आतून थोडा रबरासारखा लागतो आणि जोरिमचा मऊपणा हरवतो. ‘सिल्कन’ या कामाचा नाही. पाकीट उघडल्यावर आंबूस वास आला किंवा पृष्ठभाग बुळबुळीत लागला, तर तो टोफू टाकून द्यावा. मसाल्यात वास झाकला जाईल या आशेवर राहू नये.

घरी टोफू करणाऱ्यांना एक सूचना. लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेल्या सोया दुधाचा टोफू ठिसूळ होतो आणि त्याचा आंबटपणा सोया सॉसशी जुळत नाही. कोरियात यासाठी ‘गान्सू’ वापरतात. समुद्रमिठातून झिरपणारे ते कडवट पाणी असते आणि त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असते. पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंग शहरातला छोदांग हा भाग तर थेट समुद्राच्या पाण्याने साकळवलेल्या टोफूसाठी प्रसिद्ध आहे. खाण्यायोग्य प्रतीचे मॅग्नेशियम क्लोराइड आपल्याकडे ‘निगारी’ या जपानी नावाने मिळते, त्याने घट्ट आणि चवीला निर्मळ टोफू होतो. (लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग पाहताना मला नेहमी वाटते, की एवढे सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यात टोफू अजून परका का राहावा, पण तो वेगळा विषय आहे.)

चारशे ग्रॅम, म्हणजे दोन पाकिटे टोफू घ्यावा आणि त्याचे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर जाडीचे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, पसरट काप करावेत. यापेक्षा पातळ केले तर उलथताना मोडतात. आता पाणी काढण्याचे दोन मार्ग आहेत. सर्वांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे कापांवर दोन्ही बाजूंनी चिमूट-चिमूट मीठ भुरभुरावे, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी स्वच्छ सुती पंचाने हलकेच टिपून घ्यावे. दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो, पण मी हल्ली तोच वापरते: लिटरभर पाणी उकळून त्यात एक मोठा चमचा मीठ घालावे, गॅस बंद करावा, काप त्यात अलगद सोडावेत आणि पंधरा मिनिटांनी काढून कापडावर पसरावेत. गरम खारट पाण्यात टोफूचा बाहेरचा थर आवळला जातो आणि थोडे पाणी बाहेर पडते. काप गरम असल्यामुळे पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होऊन लवकर उडतो. आणि थोडे मीठ याच टप्प्यावर आत जायला सुरुवात होते, जे आपल्याला हवेच आहे. वरून वरवंटा किंवा जड डबा ठेवून टोफू दाबायची पद्धत मी शिकवत नाही, कारण त्याने काप तडकतात आणि मिळणारा फायदा फारसा नसतो.

यानंतरचे परतणे हे घाईने करण्याचे काम नव्हे. पसरट तवा चांगला तापवून त्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे रिफाइंड किंवा सूर्यफुलाचे तेल घालावे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास इथे वरचढ ठरतो. मध्यम आचेवर काप एकमेकांना न चिकटवता मांडावेत आणि निदान चार-पाच मिनिटे त्यांना हात लावू नये. टोफू तव्याला चिकटला आहे असे वाटते तेव्हा तो बहुतेक वेळा अजून झालेला नसतो. कवच तयार झाले की तो स्वतःच सुटतो. दोन्ही बाजू गव्हाळ-सोनेरी झाल्या की काढावेत. खोल तेलात तळू नये. तळलेल्या टोफूचे कवच जाड आणि कातडीसारखे होते आणि आटवलेल्या रसाशी ते एकजीव होत नाही. तव्यावर परतलेल्या टोफूचे कवच पातळ, किंचित खडबडीत असते, आणि त्याच खडबडीत भागात तिखट आणि लसूण अडकून राहतात. आपल्या कृतीतला तळणीचा टप्पा मी सर्वप्रथम बदलेन. कोरियातल्या पुष्कळ घरांत परतण्यासाठी ‘दुलगिरुम’ हे तेल वापरतात. ज्या झाडाच्या बियांचे ते असते, त्याच्या बिया उत्तराखंडात भंगजीर या नावाने ओळखल्या जातात. तेल मिळाले तर साध्या तेलात मिसळून वापरावे. नुसते फार तापवले तर त्याला धूर लवकर येतो.

रसाचे प्रमाण असे: सोया सॉस तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिलिलिटर, पाणी १५० मिलिलिटर, कोरियन तिखट एक ते दीड मोठा चमचा, लसणाच्या चार-पाच पाकळ्या खलबत्त्यात ठेचून, साखर दोन चहाचे चमचे, एक मध्यम कांदा जाड उभा चिरून, दोन कांद्यांची पात, आणि वरून घालण्यासाठी भाजलेल्या तिळाचे तेल दोन चहाचे चमचे व भाजलेले तीळ एक मोठा चमचा. आले, व्हिनेगर, कॉर्नफ्लोअर यांपैकी काहीही नको. कॉर्नफ्लोअरने रस दाट दिसतो, पण आटल्यामुळे येणारी चव त्यातून येत नाही.

सोया सॉसबद्दल मी थोडी आग्रही आहे. आपल्या किराणा दुकानांत ‘डार्क सोया सॉस’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांपैकी अनेकांत कॅरॅमलचा रंग घातलेला असतो. इंडो-चायनीज नूडल्सना तो शोभतो, पण आटवला की तो कडवट, काळा आणि चिकट होतो. आपला पदार्थ काळपट झाला होता असेही आपण म्हटले आहे, त्याचे कारण मला इथेच दिसते. कोरियात गांजांग, म्हणजे सोया सॉस, अनेक प्रकारचा असतो. ‘गुक-गांजांग’ हा सूपचा सॉस रंगाने फिका पण अधिक खारट असतो, आणि तो इथे चालत नाही. जोरिमसाठी ‘यांगजो-गांजांग’ किंवा ‘जिन-गांजांग’ घेतात; पहिला नैसर्गिक रीतीने आंबवलेला असतो, दुसरा बहुधा मिश्र प्रकारचा. यांपैकी काही मिळाले नाही तर नैसर्गिक रीतीने आंबवलेला साधा जपानी सोया सॉस घ्यावा. बाटलीवरच्या घटकांत सोयाबीन, गहू, पाणी आणि मीठ एवढेच असेल, तर निवड बरोबर आहे असे समजावे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी मात्र गव्हाशिवाय केलेला सॉस शोधावा.

आता तिखट. गोचुगारू, म्हणजे कोरियन तिखट, ही वाळवलेल्या लाल मिरचीतल्या बहुतेक बिया काढून केलेली रवाळ भरड. तिची तीन वैशिष्ट्ये आहेत: रंग भडक, तिखटपणा मध्यम, आणि चवीला एक गोडसर, जवळजवळ फळासारखी छटा. घरातले नेहमीचे तिखट एक मोठा चमचा घातले तर पदार्थ खाता येणार नाही, आणि तिखटपणाच्या भीतीने ते अर्धा चहाचा चमचा घातले तर रंगही येणार नाही आणि रसाला दाटपणाही येणार नाही; कारण तिखटाची भरड रसात फुगते आणि रस टोफूवर धरून ठेवण्याचे काम तीच करते. म्हणून घरातल्या तिखटाने काम भागत नाही, पण बदली वस्तू आपल्या हाताशी आहे. ब्याडगी मिरच्या उन्हात किंवा मंद तव्यावर कडक कराव्यात, देठ आणि बिया पूर्ण काढाव्यात आणि मिक्सर थांबवत-थांबवत फिरवून त्यांची जाडसर भरड करावी. मी दोन्ही तिखटांचे जोरिम शेजारी शेजारी ठेवून वर्गात चाखायला दिले आहे. ब्याडगीचा रंग थोडा अधिक गडद येतो आणि गोडसरपणा किंचित कमी पडतो. चिमूटभर साखर वाढवली की फरक फारच थोडा उरतो. संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीने हे जमणार नाही. ब्याडगी आणि कोरियन मिरची इतक्या सहज एकमेकींची जागा घेतात याचे मला पूर्वी नवल वाटे, पण दोन्ही देशांत मिरची बाहेरूनच आली आहे, आणि तीही फार जुन्या काळी नव्हे. गोव्यात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर उतरली. कोरियात १५९२ ते १५९८ या काळातल्या जपानी स्वाऱ्यांच्या सुमारास पोहोचली असे सामान्यतः मानतात, आणि १६१४ सालच्या एका कोरियन ज्ञानकोशात तिचा उल्लेख आहे. कोरियन जेवण म्हणजे लाल आणि तिखट ही आपली कल्पना त्या देशाच्या इतिहासात बरीच अलीकडची आहे.

गोचुजांग, म्हणजे तांदूळ आणि सोयाबीन घालून आंबवलेली मिरचीची दाट चटणी, या पदार्थात घालावी का, असे पुष्कळ जण विचारतात. चहाचा एक चमचा घातल्यास रस दाट आणि चकचकीत होतो, पण त्याची आंबूस-गोड चव टोफूच्या साध्या चवीवर बसते. मी घालत नाही.

तिळाच्या तेलाच्या बाबतीत नावामुळे फसगत होते. आपले घाण्याचे तिळाचे तेल बहुधा कच्च्या तिळाचे असते; कोरियन ‘छामगिरुम’ खमंग भाजलेल्या तिळाचे असते, आणि दोघांच्या वासात भिजवलेल्या आणि भाजलेल्या शेंगदाण्याइतके अंतर आहे. कोरियन किंवा जपानी भाजलेल्या तिळाचे तेल मिळत नसेल, तर संक्रांतीला भाजतो त्याहून थोडे अधिक खमंग तीळ भाजून, गरम असतानाच खलबत्त्यात अर्धवट कुटून दीड मोठा चमचा शेवटी घालावेत. हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो.

मांडणी अशी करावी. पसरट भांड्यात किंवा त्याच तव्यात तळाशी कांदा पसरावा; तो टोफूला तळाशी लागू देत नाही आणि आटताना रसाला गोडवा देतो. त्यावर परतलेले काप छपराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून मांडावेत. सोया सॉस, तिखट, लसूण आणि साखर एका वाटीत कालवून हा मसाला चमच्याने प्रत्येक कापावर लावावा, आणि पाणी त्याच वाटीत घालून, वाटी विसळून, भांड्याच्या कडेने ओतावे. कापांवर ओतले तर लावलेला मसाला धुऊन जातो. तिखट आणि लसूण गरम तेलात घालून फोडणी करण्याचा मोह मराठी हाताला आवरत नाही, हे मला माहीत आहे, कारण मलाही सुरुवातीला तो आवरत नसे. पण इथे तिखट तेलात करपले की त्याचा गोडसरपणा जातो आणि शिजलेल्या लसणाच्या जागी तळलेल्या लसणाची चव पुढे येते. पदार्थ वाईट लागणार नाही. फक्त तो दुबू जोरिम राहणार नाही.

एक उकळी आली की आच मध्यमपेक्षा कमी करावी आणि सात-आठ मिनिटे, झाकण न ठेवता, चमच्याने कडेचा रस घेऊन कापांवर सोडत राहावे. काप उलटायची गरज नाही. रस खदखदा उकळू देऊ नये. टोफूच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन त्यात चाळणीसारखी छिद्रे पडतात आणि तो चावताना चामट लागतो. रस मूळच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला, कांदा मऊ झाला आणि भांडे तिरपे केल्यावर तळाशी तीन-चार मोठे चमचे दाटसर लाल रस गोळा होताना दिसला, की गॅस बंद करावा. याहून आटवू नये, कारण पुढे मुरण्यासाठी रस उरला पाहिजे. कांद्याची पात, तिळाचे तेल आणि तीळ गॅस बंद केल्यावरच घालावेत. तिळाच्या तेलाचा सुवास उकळीत टिकत नाही.

आणि मग थांबावे. वर्गात सर्वांत जास्त विरोध मला याच टप्प्यावर होतो, कारण घरभर वास सुटलेला असतो. निदान अर्धा तास तरी पदार्थ तसाच राहू द्यावा, मधून एकदा तळाचा रस कापांवर सोडावा. घरमालकीणबाई जोरिम सकाळी करून ठेवत आणि संध्याकाळच्या जेवणात वाढत; मी एकदा गरम असतानाच एक काप उचलला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलेला काप मधोमध कापून पाहिला, तर कडेची तांबूस छटा आत सरकलेली दिसते, आणि ज्या मधल्या भागाबद्दल आपली तक्रार आहे तो भाग आता फिका लागत नाही. आपण फक्त एवढा एकच बदल करून पाहिलात, जुन्याच कृतीने केलेला पदार्थ झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलात, तरी फरक कळेल.

खारटपणाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे चूक आपल्या कृतीत नसून ताटात असण्याची शक्यता आहे. दुबू जोरिम हे ‘बांचान’ आहे, म्हणजे तोंडीलावणे. कोरियन भात मीठ आणि तेल न घालता शिजवतात, आणि त्या बेचव भाताच्या प्रत्येक घासाबरोबर जोरिमचा एक लहान तुकडा खातात. एका जेवणात तीन-चार कापांहून अधिक कोणी घेत नाही. आपण तो पोळीबरोबर, वाटीभर भाजीसारखा खाल्लात तर तो खारट लागणारच. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. तीन चमच्यांचे साडेसात ग्रॅम झाले, आणि चारशे ग्रॅम टोफूच्या मानाने ते जवळजवळ दोन टक्के होते. चटणी-कोशिंबिरीच्या जागी हे योग्य आहे, भाजीच्या जागी जास्त आहे. पोळीबरोबर खायचे असेल तर सॉस दोन चमचे आणि पाणी थोडे कमी घ्यावे, म्हणजे आटवायला उगाच वेळ लागणार नाही. पण शक्य असेल तर भातच करावा, आणि बासमती टाळावा. कोरियन भात आखूड दाण्याचा, मऊ आणि चिकट असतो. मावळातला इंद्रायणी त्याच्या फार जवळ जातो आणि वास त्याहून चांगला असतो, असे माझे पक्षपाती मत आहे.

पनीरचे उत्तर नकारार्थी आहे. पनीर शिजवून वितळत नाही या गुणात ते टोफूसारखे वाटते, पण त्यात दुधाची स्निग्धता बरीच असते, त्याची स्वतःची गोड दुधाळ चव असते, आणि आटवलेल्या सोया सॉसबरोबर ती चव मला तरी विसंगत लागते. टोफूची चव अगदी सौम्य, आणि सॉसही त्याच सोयाबीनचा. हा पदार्थ या नात्यावर उभा आहे. फ्रीझरमध्ये गोठवून वितळवलेला टोफू मात्र जरूर करून पाहावा. बर्फाच्या कणांनी आतली जाळी फाटून मोठी छिद्रे पडतात, आणि मग टोफू खरोखर स्पंजसारखा रस ओढून घेतो. त्याचा पोत वेगळा, काहीसा चिवट होतो; ज्यांना मुरण्यासाठी थांबणे जमत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग आहे, पण सॉस निम्म्याने कमी करावा, नाहीतर काप मिठाने भरून जाईल.

आपल्या घरात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत असे आपण लिहिले आहे, त्यांच्यासाठी वेगळी युक्ती शोधायची गरज नाही. कोरियातल्या बौद्ध मठांत हा पदार्थ तसाच होतो. मठांच्या स्वयंपाकात पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात: लसूण, कांद्याची पात, रानपात, चिनी पात, आणि पाचवी ‘हुंगगो’, म्हणजे चक्क आपला हिंग. हिंग कोरियात पिकत नाही, त्यामुळे व्यवहारात त्या जागी कांदा वर्ज्य धरतात. आपल्याकडे कांदा-लसूण सोडले की हिंग वाढतो, आणि तिथे तोही चालत नाही. पण तो नियम मठांचा आहे, सासूबाईंचा नाही, तेव्हा इच्छा असल्यास चिमूटभर घालायला माझी हरकत नाही, जरी चव कोरियापासून थोडी दूर जाईल. मठाच्या पद्धतीत पाण्याऐवजी वाळवलेले शिताके मश्रूम आणि समुद्री शेवाळ भिजवलेले पाणी घेतात, तळाशी कांद्याच्या जागी मुळ्याच्या चकत्या घालतात आणि थोडे आले चालते. मुळा थोडा आधी शिजवून घ्यावा, नाहीतर टोफू होईपर्यंत तो कच्चा राहतो. लहान मुलांसाठी तिखट पूर्ण वगळून केवळ सोया सॉस, साखर आणि तीळ यांचे जोरिमही करतात; त्यात साखर अर्धा चमचा वाढवावी, आणि रस धरून ठेवायला तिखट नसल्यामुळे थोडा अधिक आटवावा.

डब्याचे म्हणाल, तर जोरिम डब्यासाठीच जन्मलेले आहे. कोरियातही ते शाळेच्या आणि कामाच्या डब्यात जाते, कारण ते गार खातात आणि त्यातला रस सांडण्याइतका नसतो. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवावे. रोज कोरड्या चमच्याने हवे तेवढे काप काढावेत, आणि उरलेले पुन्हा पुन्हा गरम करू नयेत; दरवेळी गरम केल्याने रस आटतो आणि खारटपणा वाढतो. दुपारच्या डब्यात देताना काप थेट फ्रीजमधून डब्यात भरावेत आणि उन्हाळ्यात शक्य तितक्या लवकर खाल्ले जातील असे पाहावे. काप संपून तळाशी कांदा आणि थोडा लाल रस उरला, तर त्यात चार चमचे पाणी घालून उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परतून घ्याव्यात. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी टोफूपेक्षा त्या बटाट्यांवरच जास्त भांडण होते.